झाकलेली टाकी

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते मी शिकवायचे त्या शाळेतल्या पालकसभेत. बाकीच्या आया बाकावर हात टेकून बसल्या होत्या. ही मात्र दोन्ही हात अधांतरी धरून. "हाताला वास असतो, बाई," ती म्हणाली. "बाकाला लागला तर ही बया मला घरात घ्यायची नाही." ती बया, म्हणजे तिची लेक, शेजारी लाजेनं लाल झाली होती.

माशांची पिल्लं वाढवून तळ्यांना पुरवणाऱ्या केंद्रात ती कामाला होती. सगळे तिला टाकीताई म्हणत. मी निवृत्त झाल्यावर आम्ही शेजारणी झालो, आणि संध्याकाळी फिरता फिरता मी तिच्या शेडपर्यंत जाऊ लागले. तिच्या ताब्यात आईमाशांची टाकी होती. जाडजूड, जुन्या माद्या. त्यांच्या अंड्यांवर अख्खं केंद्र चालायचं. शेपटी तुटलेल्या एकीला ती सासूबाई म्हणे. "खाण्यात खोड काढतात ना, म्हणून."

त्या थंडीत टोकाच्या शेडमधले मासे मरू लागले. आधी अंगावर लाल ठिपका, मग जखम, मग पोट वर. काही दिवसांनी मधली शेडही गेली. चुन्याचा आणि कुजल्याचा वास आमच्या गल्लीपर्यंत यायचा. त्यापुढची शेड टाकीताईची होती.

तिनं एक नेम केला. रोज सकाळी एकेका मादीला जाळीत घ्यायची, उलटी करून ठिपका शोधायची, परत सोडायची. ठिपका नाही दिसला की मगच चहा.

केंद्राची डॉक्टर तरुण मुलगी होती. ती येऊन सासूबाईंचं थेंबभर रक्त काढायची. एकदा तिनं आम्हाला ते सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. एका मोठ्या फिकट पेशीच्या पोटात गडद टिंबं होती.

"ते जंतू. गिळलेत या पेशीनं," डॉक्टर म्हणाली. "माशांच्या या पेशी मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकाशी तयार होतात. कुठे जखम झाली की तिकडे धावतात."

"म्हणजे सासूबाईंच्या पोटात पलटण आहे. तरीच एवढा तोरा!" टाकीताई हसली, आणि मधेच थांबली. "जंतू? म्हणजे इथे आलेत?"

"आलेत. पण पलटण पुरी पडतेय."

त्या दिवसापासून टाकीताई संध्याकाळीही जाळी घालू लागली.

पुढच्या खेपेला डॉक्टर बराच वेळ डोळा लावून बसली. "पेशी कमी झाल्यात. आहेत त्याही सुस्त. पाणी ठीक, खाणं ठीक. मावशी, यांना कोण घाबरवतंय?"

"कुणाची बिशाद आहे? माझ्याशिवाय कुणी बोटसुद्धा लावत नाही."

बोलली आणि तिनं मागे वळून पाहिलं. भिंतीला टेकलेली जाळी अजून निथळत होती.

डॉक्टरनं आवाज चढवला नाही. "धरलं की मासा जिवाच्या आकांतानं धडपडतो. त्या भीतीत पेशी ढिल्या पडतात. शिवाय अंगावरचा बुळबुळीत थर जाळीला निघून येतो. जंतूंना बाहेरच अडवतो तो."

"चोर आलाय का बघायला मीच रोज दार उघडत होते," टाकीताई हळूच म्हणाली. "आता काय करू?"

"झाकण लावा. फटीतून खाणं टाका. आणि बघू नका."

आयुष्यभर बघण्याचंच काम केलेल्या बाईला हे सांगणं सोपं नव्हतं. ती टाकीशी स्टूल टाकून बसू लागली. खाणं पडलं की आत फटाफट शेपट्या वाजत; त्यात सासूबाईंचा तुटका, आखूड फटका तिला वेगळा कळे.

एके सकाळी मी गेले तर ती झाकणाला कान लावून होती. "सासूबाई वर आल्या नाहीत, बाई."

"मग उघडून बघ ना!"

तिचा हात कडीपर्यंत गेला आणि मागे आला. "त्या गेल्या असतील तर गेल्या. मी झाकण काढलं तर बाकीच्यांची पाचावर धारण बसेल." तिनं डॉक्टरला फोन केला.

डॉक्टरनं एकच कोपरा उचलला, अलगद हात घातला. सासूबाई मेल्या होत्या. पोटावर, जाळीची गाठ घासायची नेमकी तिथे, लाल जखम होती. टाकीताईनं त्यांना दोन्ही हातांवर घेतलं आणि खूप वेळ कुणाकडेच पाहिलं नाही.

बाकीच्या माद्या अजून खातात. मधली शेड अजून बंद आहे. टाकीताईची जाळी आता डॉक्टरच्या कपाटात असते. किल्ली कधीही मागायची तिला मुभा आहे, पण अजून तिनं मागितलेली नाही.