बाळंतपण सोलापुरातच करा, डॉक्टरबाई म्हणाल्या

“हिला मंगळवेढ्याला नेऊ नका. बाळंतपण इथंच, सोलापुरातच करा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा दवाखान्याच्या दारात मी ठरवून आणलेली गाडी उभी होती. माझ्या लेकीला, शुभांगीला, सातवा महिना. पहिलं बाळंतपण आमच्यात माहेरीच. त्यासाठी मी घराला रंगसुद्धा दिला होता.

मी वाद घातला. “बीपी ठीक आहे म्हणालात ना?”

“आज ठीक आहे. काळजी पुढची आहे.”

सोनोग्राफीत बाळाची वाढ कमी दिसली, म्हणून त्यांनी रक्ताची एक वेगळी तपासणी केली होती. प्लासेंटा म्हणजे आपली वार. ती नीट काम करत असली की आईच्या रक्तात पीएलजीएफ नावाचं प्रथिन पुरेसं असतं. ती थकली की ते घटतं आणि एसएफएलटी-वन नावाचं, रक्तवाहिन्यांना त्रास देणारं प्रथिन वाढतं. शुभांगीचं तसंच झालं होतं. प्रीएक्लाम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतणारा आजार, होण्याचा धोका होता.

“होईलच असं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण झाला तर मोठा दवाखाना जवळ हवा.”

एवढं ऐकून माझ्या थोर डोक्यात काय आलं? हे विहीणबाईंनीच पढवलेलं असणार! बाहेर येऊन मी त्यांना तसं ऐकवलंही.

“अवो, डॉक्टर माझं ऐकत्यात व्हय?” त्या म्हणाल्या. “माझ्या गुडघ्याचंबी कोण ऐकंना. तुमीच ऱ्हावा की हितं.”

आता आली पंचाईत. नातवंड होईपर्यंत आम्ही लेकीच्या घरी जेवत नाही. घरी आल्यावर विहीणबाईंनी स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. “आजपासनं ते तुमचं. तुमी करून तुमी खावा. पाहुणी मी.” आणि खरंच, त्या माझ्या हातची भाकरी खाऊन वर “लई जाड झाली” म्हणायला लागल्या.

सकाळ-संध्याकाळ बीपी. लघवीची तपासणी. पुन्हा रक्त, पुन्हा बाकावर वाट पाहणं. लेक हसतखेळत असायची, त्यामुळं मलाच कधी कधी वाटायचं, उगाच घाबरवलं.

मग एका सकाळी ती म्हणाली, “आई, डोकं फार दुखतंय. डोळ्यापुढं काजवे चमकतायत.” बीपी मोजलं, तर भलतंच चढलेलं. रिक्षानं लगेच दवाखाना गाठला. इंजेक्शनं, सह्या, तातडीचं सिझेरियन. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर असतो तर, हा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

लेक वाचली. मुलगी झाली, ओंजळीएवढी.

तुमच्यातल्या कुणाला असा रिपोर्ट मिळाला, तर लेक हसतीखेळती दिसते म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. मी भांडून घेतलंय, तेवढं पुरे. रक्तातलं आपल्याला दिसत नाही.

लहान बाळांच्या अतिदक्षता विभागात त्या दिवशी आमच्यापैकी एकीलाच सोडणार होते. विहीणबाईंनी मला पुढं ढकललं. “जावा, आई तुमी.”

मी बाहेर आले. “कशी हाय?” त्यांनी विचारलं. बाळाची छाती कशी हलते, ते मी हाताचा पंजा वर-खाली करून दाखवलं. त्या बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिल्या. मीही तो थांबवला नाही.