इब्राहीमभाईचा डावा हात

इब्राहीमभाईचा उजवा हात बरा झाला आणि डावा झाला नाही, तिथून आमच्या खोलीतल्या तिघांची डोकी फिरायला सुरुवात झाली. माणूस एक, मलम एक, लावायच्या वेळाही त्याच. मग एक हात मऊ आणि दुसऱ्याला भेगा, असं का? आखातातल्या दुखानच्या तेल कंपनीच्या छावणीत १९५८चा अख्खा हिवाळा आम्ही हाच प्रश्न चघळत होतो.

आम्ही तिघे म्हणजे इब्राहीमभाई, मुनाफ आणि मी. मी खलील, कुलाबा जिल्ह्यातल्या श्रीवर्धनचा, स्टोअरमध्ये कारकून, वय चोवीस. खोलीत इंग्रजी फक्त मला यायचं, त्यामुळे जगातलं सगळं मलाच कळतं अशी माझी पक्की समजूत होती. मुनाफ पाइपलाइनवर फिटर. त्याला इंग्रजी येत नसे, पण मत मात्र प्रत्येक गोष्टीवर असे. इब्राहीम होडेकर आमच्यात थोरला, चाळिशी ओलांडलेला, रत्नागिरीजवळच्या साखरतरचा. एका इंग्रज इंजिनियरच्या बंगल्यात तो कुक होता. सकाळपासून दुपारपर्यंत तिथे रांधायचं आणि संध्याकाळी खोलीवर येऊन पुन्हा आमच्यासाठी चूल पेटवायची. आम्ही त्याला कधी सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्याने केलेलं जेवण त्याला बघवत नसे. मुनाफने एकदा डाळ केली, तर हा ताटावरून उठून गेला होता.

बंगल्यातल्या मडमेला लसणाचा वास खपत नसे. तिथे सगळं उकडलेलं, पांढरं, बिनतिखटाचं. त्याची कसर इब्राहीमभाई आमच्या चुलीवर भरून काढी, आणि त्यातही माझ्या चटणीवर. ही चटणी माझ्या आईची. ऑगस्टमध्ये ती गेल्याची तार आली, तेव्हा तिला दफन करून नऊ दिवस झाले होते. मी जेवण टाकलं. समोर आलेलं ताट तसंच परत सरकवायचो. पाचव्या दिवशी इब्राहीमभाई माझ्या खाटेवर येऊन बसला आणि विचारलं, "तुझी आई काय करायची, सांग." मी सांगितलं, चटणी. सुकं खोबरं, लाल मिरची आणि भरपूर लसूण. पण ती लसूण ठेचत नसे, एकेका पाकळीचे पातळ काप करून तव्यावर परतायची आणि मगच कुटायची. त्या संध्याकाळी तशीच चटणी माझ्या ताटात आली. मी रडत रडत तीन भाकऱ्या खाल्ल्या. तेव्हापासून ती चटणी रोज होऊ लागली, आणि ती नसेल त्या दिवशी मी ताटाला हात लावत नसे. लाडावलो होतो, दुसरं काय.

आता हाताची गोष्ट. इब्राहीमभाईची कातडी लहानपणापासूनच कोरडी. साखरतरला होडीवर जायचा तेव्हा मीठपाण्याने हात सोलून निघत, म्हणून तर बापाचा धंदा सोडून तो मुंबईला भटारखान्यात शिकायला गेला. दुखानच्या हिवाळ्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटला की दोन्ही हातांना खाज, मग खवले, मग भेगा. दरवर्षीचंच होतं ते. पण त्या वर्षी दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता. स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांची एक फेब्रुवारीला तपासणी होणार, आणि ज्याच्या बोटांना उघड्या भेगा दिसतील त्याचं कुकचं कार्ड रद्द, असं त्याने फर्मान काढलं. कार्ड गेलं की नोकरी खलास, आणि पुढच्या बोटीने घर. घरी काय होतं? बायको कनीज, दोन मुली आणि तीच होडी, तेच मीठपाणी. इब्राहीमभाई दिवसातून दहा वेळा आपले हात उलटेपालटे करून बघू लागला.

डिसेंबरात दवाखान्यातल्या सिस्टरने त्याला काचेची बरणी दिली. ही सिस्टर स्कॉटलंडची, हाडापेराने मोठी, बोलायला कडक. बरणीत फिकट रंगाचं दाट मलम होतं. चिठ्ठी मी मोठ्या रुबाबात वाचली. "ओटचं पीठ घातलेली क्रीम. साबण बंद. कोमट पाण्याने हात धुवावेत, कापडाने टिपावेत, घासू नयेत. कातडी ओलसर असतानाच क्रीम जाड लावावी. दिवसातून तीनदा."

"ओट म्हंजे?" इब्राहीमभाईने विचारलं.

"तू साहेबाला सकाळी शिजवून देतोस ना, तेच. पॉरिज."

तो बरणीकडे बघतच राहिला. "जा साहेब खातो, ता मी हाताला लावू? ह्या खावाचा का लावाचा, मना काय समजत नाय."

मलाही समजत नव्हतं, पण मी तसं कबूल करणाऱ्यातला नव्हतो. "इंग्रजांचं शास्त्र आहे," मी म्हणालो.

त्याला भलतीच चिंता लागली होती. ओट म्हणजे धान्य, खाण्याची वस्तू. ती अंगाला फासायची आणि मग धुऊन मोरीत सोडायची? अल्लाने दिलेलं अन्न गटारात? शेवटी त्याने स्वतःच तोड काढली. खोलीमागे तुपाच्या रिकाम्या डब्यात त्याने पुदिना लावला होता. हात धुवायचे ते त्या डब्यावर, म्हणजे पीठ निदान मुळांना जाईल. मग वुजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा प्रश्न आला. अंगावर मलमाचा थर असेल तर पाणी कातडीला लागत नाही, मग वुजू होईल का? मुनाफने निकाल दिला की नमाज झाल्यावर लावावं. नमाज पाच आणि चिठ्ठीत तीनदाच. पाचदा लावलं तर बिघडेल का, यावर आमची दोन दिवस वादावादी चालली. शेवटी सिस्टरलाच विचारलं, तर ती पहिल्यांदाच हसली आणि म्हणाली, पाचदा तर फारच छान.

तीन आठवड्यांत उजवा हात असा झाला की मुनाफने तो दिव्याजवळ धरून बघितला. खवले गेले, भेगा मिटल्या. डाव्या हाताचा तळवाही सुधारला. पण डाव्या हाताची तीन बोटं, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन, त्यांची टोकं लालभडक, चिरलेली, तशीच. उलट जास्तच.

मग सुरू झालं अक्कल पाजळणं. मुनाफ म्हणाला, डावा हात तो डावाच, त्याला बरकत नाही. मी म्हणालो, मूर्खपणा आहे, हा मलम आधी उजव्या हाताला लावतो आणि उरलंसुरलं डाव्याला. मग आठवडाभर आधी डाव्याला लावून पाहिलं. फरक नाही. मुनाफ म्हणाला, बिस्मिल्ला म्हणत नसशील. इब्राहीमभाई चिडला, "मी काय काफर हाय काय?" मी म्हणालो, टिपताना घासत असशील. मग मी स्वतः दोन दिवस त्याचे हात टिपले. फरक नाही. बरणी बदलून आणली. फरक नाही. रोज नवा तर्क, रोज तीच तीन बोटं. मला चीड यायची, हातावर, सिस्टरवर आणि इब्राहीमभाईवरसुद्धा, जणू तो मुद्दाम बरा होत नव्हता.

जानेवारीच्या सुरुवातीला मला मालाच्या मोजणीसाठी आठ दिवस उम सईदच्या बंदरावर पाठवलं. तिथे मी चहापावावर दिवस काढले. परत आलो तर मुनाफ दारातच. "बघ, बघ हात!" तिन्ही बोटांची लाली उतरली होती, चिरा मिटू लागल्या होत्या. मी इब्राहीमभाईला मिठीच मारली. त्या संध्याकाळी त्याने माझ्यासाठी मुद्दाम जास्त चटणी केली. पाच दिवसांत बोटं पुन्हा फुटली.

मुनाफ माझ्याकडे बघत म्हणाला, "खलील, राग मानू नको. पन तू गेलास तवा हात बरा, तू आलास आनि हात फुटला. तुझी नजर लागताय त्याला."

राग मानू नको म्हणे! मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्या माणसाने मला आईच्या मौतीतून उठवलं त्याला मी नजर लावतो? पण मनात कुठेतरी भीती बसली. हिशेब तर मुनाफचाच बरोबर होता. मी इब्राहीमभाईच्या हाताकडे बघणंच सोडलं. तो मलम लावायला बसला की मी बाहेर जाऊन उभा राहायचो. जेवताना मान खाली. तो दोनदा म्हणाला, "मुनाफचा काय ऐकतोस, येडा हाय तो." तिसऱ्यांदा काहीतरी बोलायला आला, पण खलबत्ता घेऊन चुलीकडे गेला.

तपासणीला बारा दिवस उरले तेव्हा सिस्टरने त्याला बोलावलं. दुभाषी म्हणून मी गेलो. तिने तीन बोटं उलटसुलट करून पाहिली, मग खुर्ची जवळ ओढली.

"क्रीम काम करतेय," ती म्हणाली. "नाहीतर उजवा हात बरा झाला नसता. याला विचार, डावा हात असं काय करतो जे उजवा करत नाही?"

मी विचारलं. इब्राहीमभाईने डावा हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाला, "काय नाय."

"सुरी कुठल्या हातात धरतो?" तिने टेबलावरची पेन्सिल उजव्या हातात सुरीसारखी धरली आणि डाव्या हाताची तीन बोटं पुढे केली, अंगठा आणि शेजारची दोन. "आणि या बोटांत काय असतं?"

मी ती तीन बोटं बघितली. श्रीवर्धनच्या आमच्या घरी चुलीपाशी बसलेली आई अशीच बोटं धरायची. त्या बोटांत एक पाकळी, आणि सुरी खाली वर. बंगल्यात लसूण नाही. उम सईदच्या आठ दिवसांत खोलीवर चटणी नाही, कारण खाणारा मीच इथे नव्हतो. सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत होती. खरं सांगतो, एक क्षण मनात आलं, कांदा सांगावं, बटाटा सांगावं. मग मी म्हणालो, "गार्लिक."

तिने मान हलवली. काहींच्या कातडीला लसणाचा रस सोसत नाही, कुकलोकांत तिने हे पूर्वी पाहिलं होतं. लसणाला हात लावायचा नाही, क्रीम पाचदा चालू ठेवायची. बस.

बाहेर वारा होता. आम्ही खोलीच्या रस्त्याला लागलो. मग मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"पैला नाय. तू उम सईदला गेलास तवा मना वाटला."

"मग बोलला का नाहीस? कार्ड गेलं असतं! घरी गेला असतास!"

तो चालतच राहिला. "मी बोललो असतो तर तू चटणी सोडली असतीस. आनि मग जेवन सोडला असतास. ता मी एकदा बघितलाय."

मी रस्त्यात उभा राहून त्याच्यावर ओरडलो. मूर्ख म्हणालो, अडाणी म्हणालो. माझं तोंड चालत होतं आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला राग नक्की कुणाचा येत होता ते तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. माझ्या एका वाटीभर चटणीसाठी हा माणूस आपले हात, नोकरी, बायकोमुलींचं सगळं पणाला लावून गप्प बसला होता. आणि मी महिनाभर त्याला हात कसे टिपावेत ते शिकवत होतो.

त्या संध्याकाळी मी सुरी घेतली. इब्राहीमभाई मलम लावलेले दोन्ही हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसला आणि तोंडाने हुकूम सोडू लागला. "पातळ. अजून पातळ. ह्या काप हाय का लाकडाचा ढलपा?" लसूण करपला, खोबरं कच्चं राहिलं, मिठाचा तर पत्ताच नव्हता. मुनाफने एक बोट चाटून ताट सरकवलं. मी मात्र सगळी खाल्ली, कारण इब्राहीमभाई माझा शेवटचा घास जाईपर्यंत समोरून हलला नाही.

एक फेब्रुवारीला मी दवाखान्याबाहेर भिंतीला टेकून उभा होतो. उघड्या दारातून दिसलं, नव्या डॉक्टरने त्याचे हात दोनदा उलटवून बघितले, मग कार्डावर शिक्का मारला. तो शिक्का पुढे अकरा वर्षं दर फेब्रुवारीत पडत गेला. इब्राहीमभाई बाहेर आला, कार्ड मला दाखवलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं. माझे डोळे कार्डावर, पण त्याचं लक्ष माझ्या हाताकडे. त्याने माझा डावा हात ओढून घेतला, तीन बोटांची टोकं नाकाजवळ नेऊन वास घेतला, मग उजेडात धरून निरखून पाहिली. दुसऱ्या खिशातून बरणी काढली.

"मना काय झाला नाय," मी त्याच्याच बोलीत म्हणालो.

"होवाच्या आधीच लावाचा," तो म्हणाला, आणि साहेबाच्या पॉरिजचं ते मलम माझ्या तिन्ही बोटांना हळूहळू लावू लागला. लावून झाल्यावर विचारलं, "दुपारी जेवलास?"

मी हो म्हणालो, आणि आम्ही खोलीकडे निघालो.