परवाशेठ आणि सोफ्यातलं बाळंतपण

परवाशेठना मी ओळखत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. सोफे, खुर्च्या, गाद्या दुरुस्त करणारा हा माणूस वीस वर्षं आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान मांडून होता, आणि त्यातले पाच आठवडे तर रोज आमच्या घरी येत होता. तरी त्यांना भावंडं किती, खायला काय आवडायचं, झोप नीट लागायची का, यातलं मला काहीही ठाऊक नाही. त्यांचं खरं नावसुद्धा ते गेल्यावर दुकानाच्या दारावर चिकटवलेल्या कागदावरून कळलं. वाचताना क्षणभर वाटलं, हे कोण बुवा गेले?

वाचनालयाच्या खुर्च्या त्यांनी बांधल्या होत्या, म्हणून त्यांच्यावर कुणीतरी चार ओळी लिहाव्यात असं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. 'तुमचा तर त्यांच्याशी घरोबा होता!' मी जन्मभर टपाल कचेरीत दुसऱ्यांची पत्रं लावली. स्वतः लिहिलेली पत्रं दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. पण नाही म्हणायलाही धीर लागतो.

परवाशेठ हे नाव गल्लीने ठेवलेलं. काम कधी होईल असं विचारलं की ते खिळे धरलेल्या ओठांतून 'परवा' म्हणत. परवा गेलं की तितक्याच शांतपणे पुन्हा 'परवा'. त्यात चिडणं नाही, ओशाळणं नाही. वाचनालयाच्या खुर्च्यांना चौदा महिने लागले आणि तेवढा काळ सभासदांनी उभ्याने वाचन केलं. काही जणांचं वाचन त्यातच सुटलं. पण खुर्च्या आल्या त्या अशा की आता लोक उठत नाहीत.

माझ्या बायकोच्या खुब्याचा सांधा बदलायचा ठरला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, घरी आल्यावर खोल, बुटक्या आसनावर बसायचं नाही. आमचा सोफा म्हणजे विहीरच. तो चार इंच उंच आणि चांगला कडक करून हवा होता. परवाशेठना तारखेबद्दल बोलायला मला पाठवलं असतं तर मी 'सवडीने करा' म्हणून परत आलो असतो. ही ते ओळखून होती. काठी टेकत स्वतः गेली.

"सोमवारी माझं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "शुक्रवारी दुपारी घरी येणार. सोफा नसेल तर मी तुमच्या दुकानात येऊन राहीन. स्वैपाकही तिथेच करीन."

शेठनी ओठांतले खिळे काढून हातात घेतले. "वहिनी, परवा..."

"शुक्रवार!"

त्यांनी खडूने भिंतीवर 'शुक्रवार' लिहिलं. त्या भिंतीवर तोवर कधी काही लिहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता सोफा आला. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. शाळेतल्या निवृत्त बाईंचा दिवाण पाच महिन्यांपासून शेठकडे होता. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी लाच दिली. बारा वाजता ही घरी आली. जरा आडवी झाली आणि चारच्या सुमारास वॉकर धरून बाहेरच्या खोलीत आली. सोफ्याच्या उजव्या टोकाला हळूच बसली, पाय जमिनीवर नीट टेकले, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला.

तेवढ्यात सोफा ओरडला.

आवाज डाव्या टोकातून आला होता. बारीक, चिरका.

"नव्या स्प्रिंगा आहेत," मी म्हणालो. "बसायला वेळ लागतो."

पुन्हा आवाज झाला. आता दोन.

"अहो, स्प्रिंगांना भूक लागते का?" ही म्हणाली आणि वॉकर ओढून उठली. "जा, त्यांना बोलवा आधी."

मी दुकानात गेलो तर एक करडी मांजर, सोफा जिथे ठेवलेला असायचा त्या रिकाम्या जागेभोवती फेऱ्या घालत होती आणि सारखी ओरडत होती. शेठ शाळेतल्या बाईंच्या दिवाणावर खिळे मारत होते.

"सोफ्यात काहीतरी ओरडतंय," मी म्हणालो.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मांजरीकडे. तोंडातले खिळे खाली पडले. इतक्या वर्षांत त्यांच्या ओठांतून खिळा पडलेला मी पाहिला नव्हता.

झालं होतं ते असं. सोफ्याच्या पोटाला खालून कापड ठोकतात, धूळ आत जाऊ नये म्हणून. तीन बाजू ठोकून झाल्या होत्या, एक कोपरा उघडा होता. चार दिवस ही मांजर त्या कोपऱ्यातून आत-बाहेर करत होती. शेठना वाटलं, काथ्या कुरतडणारे उंदीर धरतेय, बरंच आहे. त्यांची एरवीची पद्धत अशी होती की काम संपलं तरी तो कोपरा लगेच बंद करायचा नाही. दोन दिवस तसाच ठेवायचा, आतला कापूस आणि काथ्या बसू द्यायचा, मग बॅटरी मारून आत बघायचं आणि मगच शेवटचे खिळे ठोकायचे. वीस वर्षांत त्यांनी हे एकदाही चुकवलं नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी मात्र भिंतीवरचा शुक्रवार डोळ्यांसमोर होता. मांजर बाहेर गेलेली असताना त्यांनी आत न बघता कोपरा ठोकून टाकला.

"कालपासून उपाशी आहेत," ते म्हणाले. एवढंच.

मांजरीला न्यायचं कसं हा प्रश्न होता. शेठनी चेनचा उशीचा एक अभ्रा घेतला, तिला आत घातली, डोकं बाहेर राहील इतकी चेन ओढली आणि ती उशी छातीशी धरून ते गल्लीतून जवळजवळ धावत निघाले. तिने त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला. मागून मी, हत्यारांची पिशवी घेऊन.

कोपऱ्याचे खिळे त्यांनी पाच मिनिटांत उचकटले. आत काथ्याच्या खोबणीत चार पिल्लं होती, डोळे मिटलेली. तीन हलत होती. चौथं उंदराएवढं, गार. मांजर अभ्र्यातून सुटली ती थेट आत. शेठ जमिनीवर पालथे पडून हात आत घालून बसले. तीन पिल्लं आपली आपण चिकटली. चौथ्याला चोखायचीही ताकद नव्हती. त्याला त्यांनी बाहेर काढलं, शर्टाच्या आत काखेत धरलं, ऊब आल्यावर पुन्हा आत नेऊन आईला लावलं, बाकीच्या तिघांना बोटाने मागे सारून. सात वाजेपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं.

"अहो, पाणी तरी घ्या," ही म्हणाली.

"हे प्यायलं की घेतो."

"आणि मी बसू कुठे?"

त्यांनी मान वर केली. त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सोफ्यावर कुणी बसलं की स्प्रिंगा खाली दबणार आणि खाली बाळंतीण. आम्ही पिल्लांना खोक्यात हलवून पाहिलं. मांजरीने एकेकाला मानेला धरून परत सोफ्यात नेलं. कपड्यांची टोपली झाली, कपाटाचा खण झाला. दर वेळी ती आमच्याकडे बघायची आणि परत न्यायची.

"काम पसंत पडलंय तिला," शेठ म्हणाले. त्यात किंचित अभिमान नव्हता असं मी शपथेवर सांगणार नाही.

"किती दिवस राहणार ही?" हिने विचारलं.

"परवा..." ते म्हणाले आणि स्वतःच थांबले. "महिना धरा, वहिनी. डोळे उघडून हिंडाय-खायला लागेपर्यंत."

"म्हणजे चार इंच उंच केलेला सोफा मांजरीला. आणि मी महिनाभर उभी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शेठ एक खुर्ची घेऊन आले. हातांची, भरपूर उंच, पाठ सरळ, बसायची जागा घट्ट पण बोचणारी नाही. ही बसली, उठली, पुन्हा बसली. तिच्यासाठीच मापाने केल्यासारखी होती.

"कुणाची हो ही?"

"पडून होती."

मी दुपारी दुकानावरून गेलो तेव्हा शेठ पालथ्या डब्यावर बसून काम करत होते. त्या डब्यावर ते पुढे पाच आठवडे बसले. मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. हिला सांगितलं तर ती खुर्ची परत पाठवेल, म्हणून घरीही बोललो नाही. अशा गोष्टी मला छान जमतात.

मग तो माणूस रोज आमच्याकडे येऊ लागला. सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. तो एक शुक्रवार सोडला तर आयुष्यात कुणाला दिलेली वेळ न पाळलेला माणूस एका बोटभर पिल्लाच्या दुधाची वेळ पाळत होता. ते आले की आधी बॅटरी मारून मोजायचे. "एक, दोन, तीन..." आणि मग एक थांबणं असायचं. त्या थांबण्यात आम्ही दोघंही श्वास धरायचो. "...चार."

गिऱ्हाइकांना ही बातमी लागली. दुकान बंद दिसलं की ती आमच्याकडे यायला लागली. दाताच्या डॉक्टरांचं दवाखान्यातलं बाक शेठकडे अडकलेलं होतं. एक दिवस ते तणतणत आले.

"शेठ, माझे पेशंट उभे राहतात! दात दुखत असताना!"

"हळू बोला," शेठ सोफ्याखालून म्हणाले. "आत्ताच लागलंय."

डॉक्टर वाकले. मग गुडघ्यावर बसले. मग अर्धा तास तिथेच होते. शाळेतल्या बाई आल्या त्या दिवाणाबद्दल खडसावायला; त्यांनी निघताना "उद्या थोडं दूध आणू का?" असं विचारलं. त्यावर शेठनी मांजरीला वरचं दूध चालत नाही, पोट बिघडतं, यावर त्यांनाच धडा दिला. आमच्या बाहेरच्या खोलीत सात-आठ माणसं यायची, पण सोफ्यावर कुणी बसत नसे. सगळी भिंतीला टेकून उभी. ही आपल्या उंच खुर्चीत मधोमध, एखाद्या न्यायाधीशासारखी.

"चहा करा हो पाच कप," ती मला सांगायची. "दुकान आपल्याकडेच हललंय."

चौथं पिल्लू जगेल असं कुणालाच वाटत नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनीही खांदे उडवले. बाराव्या दिवशी इतर तिघांचे डोळे उघडले, याचे मिटलेलेच. शेठ त्या दिवशी चहाही न घेता गेले. जाताना दारात मला म्हणाले, "साहेब, मी घाई केली नसती तर..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी नेहमीप्रमाणे "होतं असं" म्हणालो, ज्याचा कुणालाही कधीच उपयोग होत नाही.

हिने मात्र दुसऱ्या दिवशी त्यांना धरलं.

"शेठ, घाई मी करवली. तुम्ही नाही. उगाच सगळं अंगावर घेऊ नका."

"वहिनी, खिळे कुणी मारले?"

"आणि भिंतीवर शुक्रवार कुणी लिहायला लावला?"

"तुम्ही नुसती तारीख दिलीत. आत बघायचं काम माझं होतं," ते म्हणाले आणि बॅटरी घेऊन पालथे पडले. "एक, दोन, तीन..."

थांबणं फार लांबलं.

"वहिनी," सोफ्याखालून आवाज आला. "हे बघतंय माझ्याकडे."

ही ऑपरेशननंतर पहिल्यांदा वॉकर न धरता दोन पावलं चालली. मग घाबरून परत खुर्चीत बसली, आणि आम्हाला दोघांनाही ओरडली.

पाच आठवड्यांनी पिल्लं खोलीभर धावायला लागली. आणखी तीन आठवडे शेठनी त्यांना आईपासून हलवू दिलं नाही. घ्यायला आलेल्यांना त्यांनी नेहमीचंच उत्तर दिलं. शेवटी एक शाळेतल्या बाईंना दिलं, एक दाताच्या डॉक्टरांना, आणि एक सोफा आणणाऱ्या टेंपोवाल्याला, कारण तोही या गुन्ह्यात सामील होता. बाईंनी विचारलं, "आणि माझा दिवाण?" शेठ म्हणाले, "आज पिल्लू न्या. दिवाण परवा." बाई पिल्लू घेऊन गेल्या. चौथं शेठनी दुकानात नेलं. ते कापडाच्या ताग्यांवर झोपायचं. परवा त्यांच्या मुलाने हत्यारांबरोबर तेही नेलं, असं ऐकतो.

आई आमच्याकडे राहिली. तिला ठेवायचं असं कुणी ठरवलं नाही. सोफ्यात ती अजूनही दुपारची झोपते. ही बसायच्या आधी काठीने सोफ्याच्या हातावर दोनदा टकटक करते. मांजर बाहेर येते, आळस देते, मग ही बसते. दोघींचं बरं जमलंय. उंच खुर्ची मी परत नेऊन दिली तेव्हा शेठ म्हणाले, "ठेवली असती तरी चाललं असतं," आणि लगेच तिच्यावर बसले.

राहिला होता तो सोफ्याचा उघडा कोपरा. ही दर आठवड्याला आठवण करून द्यायची, "विचारा त्यांना, खिळे कधी मारताय." मी दर आठवड्याला दुकानावरून न विचारता पुढे जायचो. चार महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी, शेठ आपल्या खुर्चीत बसून एका गादीला टाके घालत होते. मांडीवर चौथं. मी धीर केला.

"शेठ, त्या कोपऱ्याचं..."

"मांजर जाते का आत अजून?"

"जाते. दुपारची."

"मग परवा बघू."

"बरं," मी म्हणालो.