पाळण्याच्या दोन बाजू

आमच्या भागातल्या मराठी बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आधी एकच होता. गोडा मसाला कुठे मिळतो, गणिताची ट्यूशन कोण चांगली घेतं, एवढंच त्यावर चालायचं. मग भारतात निवडणूक आली आणि सिंगापूरच्या पासिर रिसमध्ये बसून आम्ही एकमेकींना आंधळ्या नि देशद्रोही म्हणू लागलो. मत द्यायला तिकीट काढून कोण जाणार आहे, असं मी विचारलं, तर दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

ग्रुप फुटून दोन झाले. आता एकीकडे सगळ्या एका सुरात माना डोलावतात, दुसरीकडे दुसऱ्या. मी दोन्हींत राहिले. दोन्हीकडचं वाचून चिडायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू?

अशात आमच्या ब्लॉकमधली एक मुलगी बाळंत झाली. इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करते. सासू नाही आणि आई साताऱ्यात, वडिलांच्या ऑपरेशनमुळे अडकलेली. बारसं साग्रसंगीत व्हावं आणि आईने ते व्हिडिओवर पाहावं, एवढीच तिची हौस. ग्रुप दोन आहेत हे तिला कुठून ठाऊक असणार? तिने एकावर आमंत्रण टाकलं, तर दुसऱ्यातल्या रुसल्या. घाईघाईने तिकडेही टाकलं, तर पहिल्या बिथरल्या. त्या येणार असतील तर आम्हाला जमणार नाही, असं दोन्हीकडून अगदी गोड शब्दांत कळवण्यात आलं.

ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, पाळण्याच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी लागतं ना."

माझं डोकंच फिरलं. दोन्ही ग्रुपच्या अ‍ॅडमिन एके काळच्या जिवलग मैत्रिणी. मेसेजवर सगळ्याच शूर असतात, म्हणून मी थेट गेले. एकीला तोआ पायोहला तिच्या नव्या घरी गाठलं, दुसरीला पाया लेबारला ऑफिसखाली. पाळण्याशी तुला उभं राहायचंय, असं दोघींना सांगितलं. समोर कोण असणार तेही लपवलं नाही. दोघींनी तोंडं वाकडी केली, तेव्हा दोघींना एकच ऐकवलं, "त्या पोराला अजून कसलंच मत नाही. त्याला मान धरणारं माणूस हवंय."

दोघी आल्या. त्यांच्यामागे बाकीच्याही आल्या, कुणी काय केलं ते बघायला. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" सुरू झालं. एकीने पाळण्याखालून बाळ दिलं, दुसरीने अलगद घेतलं.

"मान सांभाळ," पहिली म्हणाली.

"मला नको शिकवू, दोन वाढवलीत मी."

तेवढंच बोलल्या. जेवायला मात्र वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसल्या.

संध्याकाळी दोन्ही ग्रुपवर फोटो आले. तोच फोटो, दोन्हीकडे समोरची बाई कापलेली. बाळाखाली कुणाचीतरी चार बोटं तेवढी राहिली होती. मला इतका संताप आला की फोन सोफ्यावर फेकला.

दुसऱ्या दिवशी बाळंतिणीने सांगितलं की तिच्या आईला बारसं फार आवडलं. बाळाला घेताना एकमेकींवर खेकसणाऱ्या त्या दोघी सख्ख्या बहिणी का गं, असंही तिने विचारलंय.

मी आईचा तो प्रश्न अख्ख्या फोटोसकट दोन्ही ग्रुपवर टाकला. दोघींनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून एकीनेही दिलेलं नाही, पण 'नाही' असंही कुणी म्हटलेलं नाही.