कमरेच्या उंचीची टपालपेटी

रशीदभाईंची आणि माझी ओळख टपालपेटीपाशीच झाली. अकोल्याच्या आमच्या व्यापारी संकुलात मी अर्ज लिहून देण्याचे टेबल मांडले, तेव्हा ते गाळेधारक मंडळाचे सचिव होते. जिन्याखाली सगळ्यांच्या पेट्या एकावर एक. माझ्या कुबड्या पाहून त्यांनी मला सर्वांत खालची दिली. "तुले हात वर कराले नको." पायांत कॅलिपरचे लोखंडी आधार असल्याने मला वाकता येत नाही, हे सांगायची हिंमत झाली नाही. इतक्या आपुलकीने दिलेले कसे नाकारावे? कुणी शेजारी भेटले की मी त्यांच्याकडून टपाल काढून घेई.

कपाशी बुडाली त्या वर्षी तेल्हाऱ्याकडच्या मथुराबाईंचा निराधार पेन्शनचा अर्ज मी लिहिला होता. गावात टपाल उशिरा पोचते म्हणून पत्ता माझाच दिला. एका शनिवारी पेटीतून सरकारी लिफाफ्याचे टोक डोकावत होते. संकुलात कुणी नव्हते. कुबडीने ओढू गेलो, तर तो आत सरकला. भिंत धरून उभा होतो, तोच रशीदभाई आले.

"काय करून राहिला रे?"

खरे सांगितले.

"मंग इतके दिवस काहून बोलला नाईस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"अन् त्या बाईचं काय?"

ते फरशीवर बसले, लिफाफा काढला. सुनावणी सोमवारी, मूळ कागदांसह! निरोपावर भरवसा नको म्हणून ते स्वतः स्कूटरने मथुराबाईंच्या गावी गेले. सोमवारी मथुराबाई सुनावणीला वेळेत उभ्या राहिल्या. पेन्शन मंजूर झाली.

"चूक माही. तुले इचारलंच नाई," असे ते मंडळाच्या बैठकीत सर्वांसमोर म्हणाले. मग टेप घेऊन मला उभे केले, स्वतः मागवून आणलेल्या चाकाच्या खुर्चीत बसून हात पोचवून पाहिला आणि कमरेच्या उंचीची ओळ अडचण असणाऱ्यांसाठी राखली. त्या ओळीत पेट्या असलेल्या जुन्या गाळेधारकांना त्या खाली न्यायच्या नव्हत्या. एक जण म्हणाला,

"लग्नपत्रिकेवर गनपती राहते, भाई. पायाशी ठेवाचा काय?"

"मंग माही पेटी खाली घ्या. माह्या घरच्या पत्रिकेवर नसते."

"पन आमी पाठवतो ना तुमाले!"

"पेटीत टाकता? घरी येऊन बोलवा, तवाच जेवाले येईन."

हशा पिकला. एकेक जण पेटी हलवायला तयार झाला.

रशीदभाई आता साठीचे झाले. टपालासाठी ते अजून फरशीवर बसतात. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि ज्या दिवशी बसणे जड जाईल, त्या दिवशी त्यांनी माझ्यासारखे गप्प राहू नये. कमरेच्या उंचीच्या ओळीतली माझी पेटी त्यांचीच आहे.