काचेमागची पाभर
शेजारी अजून बंब पेटवतात, आणि बाभळीचा धूर खिडकीतून आत आला की मला पुण्याच्या संग्रहालयातली ती दुपार आठवते. रांजणगावच्या कंपनीत कायम झालो, तेव्हा वडिलांना पाटसहून पुणं दाखवायला नेलं होतं. शनिवारवाड्यात ते नुसती मान डोलावत फिरले. संग्रहालयात मात्र एका काचेपुढं थांबले ते हलेचनात. आत बी पेरायची लाकडी पाभर होती, तेल लावून चकचकीत केलेली. ‘ह्याचं चाडं उलटं बसवलंय,’ ते रखवालदाराला म्हणाले, ‘बी वतायचं कुठं मग?’ तो म्हणाला, ‘काका, काचेला हात लावू नका.’ मागं माणसं खोळंबली होती. मी त्यांचा दंड धरला. ‘चला आप्पा, आता कोण पेरतंय त्यानं?’ ते चालू लागले. परतताना एसटी यवतला आली. तेव्हा आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘आपल्या पाभरीचं चाडं सागाचं व्हतं.’ ती पाभर आदल्या हिवाळ्यात मीच फोडून बंबात घातली होती, आणि त्या पाण्यानं त्यांनी काही न बोलता अंघोळ केली होती. आता आमच्याकडं गिझर आहे. धूर आला की मी खिडकी लावून घेतो.