वांगीबंदी

अनया आणि निषाद, तुमच्या आजीने एकदा घरात वांगीबंदी केली होती. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजोबा रोज सकाळी गॅलरीतल्या तेलाच्या डब्याला हात का जोडतात? त्यांनी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. त्यांच्या सांगण्यात मी जास्त मूर्ख असते.

मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं आहे. त्यामुळे वाचलं म्हणजे समजलं, असं मानायची मला सवय आहे. गेल्या हिवाळ्यात मोबाईलवर एक इंग्रजी लेख वाचत होते. रोजच्या जेवणात जनुकं बदललेलं काय काय असतं, असा विषय. शास्त्रज्ञांनी वांग्याच्या रोपात एका जिवाणूचं जनुक घातलं. आता अळीने ते वांगं खाल्लं की अळीच मरते! इथवर आले आणि कुकरची शिट्टी झाली. मी उठले. लेख तिथेच राहिला. निर्णय मात्र झाला.

अडचण अशी की त्याच रविवारी रोडगे होते. तुमच्या मामीच्या वडिलांचा, भाऊरावजींचा, पाय मोडला होता. "बाबा मांडी घालून जेवायला बसू देत, रोडगे करीन," असा मामीचा महादेवाला नवस होता. आता ते बसू लागले होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, तुपात कुस्करायचे आणि सोबत वांग्याची भाजी. वऱ्हाडात याला पर्याय नाही. मी काढला. दुधी!

"आई, बाबा खाटेवर पडल्या पडल्या त्याच भाजीची आठवण काढत होते हो," मामी म्हणाली.

"म्हणूनच. दुखण्यातून उठलेल्या माणसाला प्रयोग खाऊ घालायचा नसतो."

मामी स्वयंपाकघरात गेली. (मग तिच्याऐवजी भांडी बोलली.)

आजोबा बाजारात गेले आणि पिशवीभर किडकी वांगी घेऊन आले. प्रत्येकाला भोक!

"हे पाह्य, अळी जित्ती आहे. म्हंजे वांगं साधं. तुह्याच शास्त्रानं तपासून आणलं."

"व्याह्यांना किडकी वांगी?"

"अळीले चालते, मंग व्याह्याले काहून नाही?"

पिशवी ताबडतोब घराबाहेर काढा, असं मी बजावलं.

रविवारी गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळामागे पंगत बसली. भाऊरावजी बार्शीटाकळीहून आले, हळूहळू मांडी घातली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोडगा कुस्करून झाला, वर तूप पडलं. मग पानात दुधी आला. डॉक्टरने पुन्हा प्लास्टर सांगावं तसे ते दुधीकडे बघत राहिले.

"ईनबाई," (विहिणीला आमच्याकडे असंच म्हणतात) "माहं काई चुकलं काय?"

माहिती पुराव्यासह द्यावी, या मताची मी आहे. मी मोबाईल काढला आणि लेखाचं मराठी करत पंगतीला वाचून दाखवू लागले. अळी मेली तिथवर माझा चांगलाच प्रभाव पडला होता. मग शिट्टीनंतरचा भाग आला.

"भारतात अशा वांग्याच्या लागवडीला... परवानगी नाही."

"म्हंजे बाजारातलं वांगं?" आजोबांनी विचारलं.

"साधंच."

"थांबू नका, ईनबाई," भाऊरावजी म्हणाले. "मले इंग्रजी गोड लागून राहिली."

"इथले शेतकरी असं पीक रीतसर घेतात ते एकच. कापूस."

"तो तं मीच पेरतो!" भाऊरावजी म्हणाले.

"पण कापूस काही कोणी खात नाही!" मी ठणकावलं.

मामीच्या हातातली पळी थांबली. तिने अतिशय आदराने विचारलं, "आई, दुधी कोणत्या तेलात केला?"

पंगतीत सगळे कापसाच्या मुलखातले. सरकी म्हणजे कापसाचं बी, हे त्यांच्यापैकी कोणालाच सांगावं लागत नव्हतं.

"सरकीच्या," मी म्हणाले.

"अन् हे तूप ज्या म्हशीचं, तिले ढेप कायची?" आजोबांचा प्रश्न. (ढेप म्हणजे गुरांची पेंड.)

"सरकीची."

म्हणजे अख्ख्या देशात जे एकच पीक टाळायचं होतं, त्याच्याच तेलात मी फोडणी दिली होती! शुद्ध केलेल्या तेलात बदललेल्या जनुकाचा अंश जवळजवळ उरत नाही, असंही लेखात पुढे होतं. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचलं. कोणी ऐकत नव्हतं.

कारण आजोबांनी गाडीची डिकी उघडली होती. आत वांग्यांची पिशवी! ("घराबाहेर काढा म्हणे. काढली.") किडका भाग कापून वांगी निखाऱ्यात गेली. मामीने हिरवी मिरची घालून भरीत कुस्करलं आणि माझ्याकडे बघत वरून तेलाची धार सोडली. सरकीच्याच. भाऊरावजींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मांडी शेवटपर्यंत मोडली नाही. मामी हसली. माझ्याकडे बघूनसुद्धा हसली.

"ईनबाई, तेवढा दुधी बांधून द्याजा," निघताना भाऊरावजी म्हणाले. "म्हशीले."

हल्ली मी लेख शेवटपर्यंत वाचते. कुकर आजोबा बघतात. ते तेल संपल्यावर डबा धुऊन मी त्यात वांग्याचं रोप लावलं. आजोबा हात जोडतात ते त्याला. अळीने त्याचे शेंडे खाल्ले आहेत, म्हणजे रोप साधं आहे, याची मला आता खात्री आहे. वांगं अजून एकही धरलेलं नाही. रोप मात्र जगलं आहे.